नातं तुटून सात महिने झाले, फोन थांबत नाहीत

रातराणी_

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिला धागा काढतेय तो असल्या विषयावर. गाव, देश, काम यातलं काहीच लिहीत नाही. तो इथे डोकावत असेल अशी धास्ती आहे, तेव्हा कृपया विचारूही नका.

चार वर्षं एका घरात राहिलो. लग्न केलं नव्हतं. सात महिन्यांपूर्वी मी निघाले. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, मी उचलायचे. वाटायचं, बोलून मोकळा होईल. तो काही मोकळा झाला नाही. आता दिवसाला पंधरा-वीस, आणि एखाद्या रात्री त्याचं बिनसलं की चाळीससुद्धा. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून. माझ्या ब्लॉकच्या यादीत सतरा नंबर झालेत.

कधी रडतो, कधी शिव्या देतो, पण जास्त करून ब्लँक कॉल. पलीकडे कुणी बोलत नाही, नुसता पंखा ऐकू येतो. त्या पंख्याचं एक पातं जरासं वाकलंय, फिरताना टिक्... टिक्... करतं. चार वर्षं त्याच आवाजात झोपलेय मी. नंबर कुठलाही असो, दोन सेकंदांत कळतं.

विनवून झालं, भांडून झालं. त्याच्या बहिणीला सांगितलं, तर म्हणाली, "तो खचलाय गं, तू तरी समजून घे." रात्री फोन डू नॉट डिस्टर्बवर टाकून झोपते, तरी वाजतो! हे कसं होतं तेच कळत नाही. आता फोन नसतानाही वाजल्यासारखा वाटतो.

मैत्रिणी म्हणतात नंबर बदल. अकरा वर्षं हाच नंबर आहे, सगळं काम त्यावर चालतं. पोलिसांत जावं तर "नुसते फोनच तर येतात" यावर कोण काय लिहून घेणार? काय करू?

उनाड_पाखरू

नंबर बदल. दोन तासांचं काम. विषय कट.

तारायंत्र

विषय कट होत नाही हो, म्हणून तर लोक तीन-तीन नंबर बदलून थकतात. त्यावर नंतर येतो. आधी रात्रीच्या भुताचं बघू.

डू नॉट डिस्टर्बमध्ये 'रिपीट कॉलर' नावाचा एक पर्याय असतो. घरात कुणाची तब्येत अचानक बिघडली तर माणूस लागोपाठ फोन करणार, म्हणून ती सोय. आयफोनवर तोच नंबर ३ मिनिटांत दुसऱ्यांदा आला की शांतता मोडून वाजतो. अँड्रॉइडवर साधारणपणे ती मुदत १५ मिनिटांची असते. लागोपाठ फोन करणाऱ्या माणसासाठी तर हे दार सताड उघडं. सेटिंगमध्ये जाऊन पाहा.

रातराणी_

बापरे. चालूच होता! मी कधी लावल्याचं आठवतही नाही. बंद केला. एवढ्यावरच रडू आलं मला. गेले दोन महिने मला वाटत होतं त्याने माझ्या फोनमध्ये काहीतरी घुसवलंय.

तारायंत्र

तेही असू शकतं, नाही असं म्हणत नाही. ते शेवटी तपासू, कारण त्याचा क्रम चुकला तर पंचाईत होते.

एक प्रश्न. सिम कुणाच्या नावावर आहे?

रातराणी_

सिम माझ्याच नावावर. पण फोन त्याने घेऊन दिला होता आणि सुरुवातीचं सगळं सेटिंग त्यानेच केलं होतं. का?

तारायंत्र

सिम त्याच्या नावावर असतं तर कंपनीच्या लेखी ग्राहक तो. हरवलं म्हणून सांगून दुसरं सिम काढलं की तुमचे ओटीपी त्याच्याकडे. एकत्र राहिलेल्या जोडप्यांत हे सर्रास असतं आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. तुमचं तसं नाही हे बरं झालं. सेटिंग त्याने केलं होतं हे मात्र लक्षात ठेवा.

मनकवडी

रातराणी, मी समुपदेशनाचं काम करते. तू काय चुकलीस हे सांगायला आलेली नाही, कारण तू जे केलंस ते शंभरातली नव्वद माणसं करतात. पण फोन थांबत का नाहीत हे कळलं तर पुढचं सोपं जाईल.

स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. बटणावर चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळणाऱ्या कबुतराला दाणा बंद केला तर ते लवकर नाद सोडतं. ज्याला कधी पाचव्या टोचणीला, कधी तिसाव्या, असा लहरीने दाणा मिळाला, ते दाणा बंद झाल्यावरही किती तरी वेळ टोचत राहतं. जुगाराचं मशीन याच तत्त्वावर माणसाला बसवून ठेवतं.

तू एकोणतीस कॉल सोडलेस आणि तिसावा वैतागून उचललास, तर तुझ्या हिशेबी तू त्याला झापलंस. त्याच्या हिशेबी भाव ठरला: तीस. तू रडलीस, ओरडलीस, शिव्या दिल्यास, सगळं दाणाच. बहिणीकडून पोचलेला निरोपसुद्धा दाणाच, कारण त्याला कळलं की तुझ्या घरात अजून त्याचा विषय निघतो.

आणि आता नावडतं सांगते. दाणा पूर्ण बंद केलास की सुरुवातीला टोचणं वाढतं. आठवडा, दोन आठवडे, जास्तही. नेमकं तेव्हाच लोक कच खातात आणि उचलतात, मग भाव साठावर जातो. ती भर येणार हे गृहीत धरूनच सुरुवात कर. त्या दिवसांत एकटी राहू नकोस.

बेधडक

एवढा शास्त्रार्थ कशाला? चार मित्र घेऊन जायचं, दम द्यायचा. एका दिवसात फोन बंद.

जुनी_जाणती

बेधडकराव, आमच्या नात्यात हे करून झालंय. दम देणारे तिघं होते. त्याने दुसऱ्या दिवशी तिघांविरुद्ध तक्रार दिली, अंगावरच्या खुणा दाखवून. त्यानंतर आमची पोरगी तक्रारदार राहिलीच नाही, 'दोन्हीकडून भांडण' झालं. वर त्याला मिरवायला कारण मिळालं. असलं काही सुचवू नका.

खडूस_वकील

जुनी_जाणती यांना +१. आयती केस घालवायचा हा राजमार्ग.

रातराणी कुठे राहतात ते विचारत नाही. भारतातलं सांगतो, इतर देशांतलं तिथले लोक सांगतील.

"नुसते फोन" हा गुन्हा नाही हा समज जुना झाला. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत ३५४ड हे पाठलागाचं कलम आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ७८ म्हणून आहे. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही पुरुष जवळीक साधण्यासाठी वारंवार संपर्क करत राहिला किंवा करायचा प्रयत्न करत राहिला, तर तो गुन्हा. रस्त्यात मागे फिरायलाच हवं असं नाही. तिचं इंटरनेट, ईमेल यांवर पाळत ठेवणंही त्यातच. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत. पहिल्या वेळी जामीनपात्र आहे, म्हणजे तो त्याच दिवशी घरी येऊ शकतो. तक्रारीच्या रात्री कुठे राहायचं ते आधी ठरवा.

गुन्हा दखलपात्र आहे. तेव्हा 'एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतो, समज देतो' अशी बोळवण करू देऊ नका. हद्दीचं कारणही चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो. लेखी अर्ज न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेऊनच बाहेर पडा. पोच नसलेला अर्ज म्हणजे गप्पा.

दुसरा रस्ता बऱ्याच जणींना माहीतच नसतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नाशिवाय एकत्र संसार करणाऱ्यांनाही लागू होतो, आणि त्यात शाब्दिक, मानसिक छळ मोडतो. त्याच्या कलम १८ खाली दंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतात. त्यात कुठल्याही मार्गाने संपर्क करायला मनाई करता येते, टेलिफोनचा उल्लेख कायद्यात शब्दशः आहे. तो आदेश मोडला की दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा. चार वर्षं एका छताखाली राहिलात, त्यामुळे हे नक्की विचारून घ्या.

पण सगळ्याचं मूळ 'स्पष्ट अनिच्छा' या दोन शब्दांत. "मी त्याला नाही म्हटलं होतं" याला कागद लागतो. तुमच्याकडे लेखी नकार आहे का?

सूर्योदय_पूर्वेचा

मी जपानमध्ये असतो. इथला पाठलागविरोधी कायदा २००० सालचा. त्यात पहिल्यापासून ब्लँक कॉलचा वेगळा उल्लेख आहे: फोन करून काहीच न बोलणं, किंवा नको म्हटल्यावरही लागोपाठ फोन किंवा फॅक्स करणं. ईमेल २०१३ मध्ये आणि सोशल मीडियावरचे मेसेज २०१६ मध्ये घातले. म्हणजे कायदा करणाऱ्यांना ईमेलच्या आधी मुका फोन सुचला होता. तुमचा पंखा वाचून ते आठवलं.

थेम्सकाठी

इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ चा छळप्रतिबंधक कायदा आहे. त्रासाचं वर्तन किमान दोनदा घडलं तरी तो लागू होऊ शकतो. चाळीसपर्यंत मोजत बसायची गरज नाही. २०१२ पासून पाठलाग हा वेगळा गुन्हाही आहे.

रातराणी_

लेखी नकार... नाही हो. फोनवर शंभरदा सांगितलं असेल. मेसेजमध्ये आमची भांडणंच आहेत. आज बसून एक मसुदा लिहिलाय:

"तुला माहीत आहे मी किती सहन केलं. मला तुझं वाईट व्हावं असं वाटत नाही, तू चांगला माणूस आहेस, पण तुझ्या या वागण्याने मला रात्र रात्र झोप येत नाही. मी आत्ता बोलण्याच्या मनःस्थितीत नाही. प्लीज माझी परिस्थिती समजून घे आणि काही दिवस मला फोन करू नकोस. नाहीतर नाइलाजाने मला पोलिसांत जावं लागेल."

खडूस_वकील

वाईट वाटून घेऊ नका, पण हा मसुदा आरोपीच्या वकिलाने लिहिल्यासारखा आहे. "आत्ता नाही", म्हणजे नंतर? "काही दिवस", म्हणजे किती? "चांगला माणूस आहेस" हे वाक्य तर तो कोर्टात फ्रेम करून लावेल.

मनकवडी

शिवाय "रात्र रात्र झोप येत नाही" हे त्याला हवं तेच आहे. त्याचा फोन लागतोय, आत कुठेतरी पोचतोय, याची पावती.

जुनी_जाणती

पोलिसांची धमकीही काढ. जायचं असेल तर जायचं, सांगून जायचं नाही. धमकी देऊन गेली नाहीस तर पुढचा शब्द हलका होतो.

रातराणी_

मग उरतं काय?

खडूस_वकील

"यापुढे मला फोन, मेसेज, ईमेल किंवा इतर कुणामार्फतही संपर्क करू नकोस." तारीख आपोआप पडेलच. कारण नाही, प्लीज नाही, 'सध्या' नाही. एकदाच पाठवायचं. त्यावर उत्तर येईल, ते वाचलं तरी उत्तर द्यायचं नाही. तुम्ही दुसऱ्यांदा हेच लिहिलंत तर संवाद चालू आहे असं दिसतं.

ज्यांच्या बाबतीत मारहाण झालीय किंवा जिवाची धमकी आहे, त्यांनी मात्र हा मेसेजही स्वतःच्या मनाने पाठवू नये. आधी पोलीस किंवा मदत करणारी संस्था.

रातराणी_

पाठवला. हात थरथरत होते. एका ओळीला पाऊण तास लागला.

एकांडा_शिलेदार

विषय निघालाच आहे तर. मी पुरुष आहे आणि मला माझ्या आधीच्या बायकोचे फोन येतात. घटस्फोटाला दोन वर्षं झाली. ऑफिसच्या रिसेप्शनवर फोन करून रोज नवीन काहीतरी सांगते. मित्र हसतात, "मजा आहे तुझी" म्हणतात. मला काय कलम लागणार?

खडूस_वकील

कलम ७८ तुम्हाला लागू नाही, त्यात पीडित स्त्री आणि आरोपी पुरुष असंच लिहिलंय. जिवाचं, अब्रूचं नुकसान करायची धमकी असेल तर कलम ३५१, ते कुणालाही लागू. धमकी नाव लपवून दिली तर शिक्षा वाढते. शिवाय दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. हसणाऱ्या मित्रांवर दुर्दैवाने कलम नाही. नोंदी मात्र तशाच ठेवा, आणि रिसेप्शनवाल्यांना लेखी कळवा की हे फोन जोडून देऊ नका, तारीख-वेळ टिपून ठेवा. त्रयस्थाची वही तुमच्या वहीपेक्षा जड असते.

तारायंत्र

नोंदींवरून सांगतो, कारण इथे लोक हमखास तोंडावर पडतात.

फोनमधली कॉलची यादी अमर नसते. ठरावीक नोंदी झाल्या की जुन्या पुसत जाते. म्हणजे त्याचेच आजचे चाळीस कॉल मागच्या महिन्याचे पुरावे ढकलून देतात. रोज रात्री स्क्रीनशॉट.

आणि स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसला पाहिजे. बहुतेकांनी तो नंबर 'उचलू नको' किंवा 'राक्षस' अशा नावाने सेव्ह केलेला असतो. मग पंचवीस पानं 'राक्षस, राक्षस, राक्षस' छापून नेतात आणि ठाणे अंमलदार विचारतो, हा राक्षस कोण? नावावर टिचकी मारून आतला नंबर, तारीख, वेळ, किती सेकंद बोलणं झालं, ते सगळं दिसेल असं घ्या. मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका. भारतात डिजिटल पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकीलसाहेब करून घेतील. नंबर बदलत असला तरी घाबरू नका. २०२१ पासून कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान २ वर्षं ठेवाव्या लागतात. त्या आपल्याला मिळत नाहीत, पोलीस मागवू शकतात.

रेकॉर्डिंगचं मात्र आपापल्या ठिकाणी विचारा. कॅलिफोर्नियासारख्या काही ठिकाणी खासगी बोलणं दोघांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं हाच गुन्हा आहे.

आता नंबर बदलण्याचं. माझं मत लोकांना विचित्र वाटतं. नंबर सोडू नका. नवीन घ्या, मोजक्या लोकांना द्या, बँक आणि ईमेलचे ओटीपी तिकडे वळवा. जुनं सिम एखाद्या जुन्या हँडसेटमध्ये टाका, आवाज बंद करा आणि कपाटात ठेवून द्या. त्याला घंटी वाजत असलेली ऐकू येते, त्याला वाटतं वाजतोय. नंबर बंद झालेला कळला की तो नवीन शोधायला लागतो, ऑफिसात येतो, मैत्रिणींना छळतो. शिवाय पुरावा कपाटात आपोआप साठत राहतो. सोडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या कुणाला देते, त्या बिचाऱ्याच्या नशिबी तुमचे ओटीपी आणि तुमचा पंखा, दोन्ही.

उनाड_पाखरू

हे पटलं. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

मनकवडी

त्यात एक भर. कपाटातला फोन तू बघायचा नाहीस. वहिनी, मैत्रीण, कुणीतरी आठवड्यातून दोनदा बघेल, स्क्रीनशॉट काढेल, आणि धमकी असेल तरच तुला सांगेल. तू बघत राहिलीस तर फोन कपाटात आणि तो डोक्यात, असं होईल.

मितभाषी

आमच्या दोघांचं मूल आहे. मी फोन उचलायचाच नाही असं करू शकत नाही. मग?

मनकवडी

मुलाच्या विषयासाठी एकच वाट ठेवा, शक्यतो ईमेल. त्यातही फक्त मूल, वेळ, ठिकाण. इतर काही आलं तर त्या भागाला उत्तर नाही. मुलाने त्याच्याशी बोलायचं असेल तर वार आणि वेळ ठरवून, मुलासाठीच्या वेगळ्या फोनवरून. कोर्टाच्या आदेशात हे लिहून घेता आलं तर उत्तम.

वाटसरू_९

बराच वेळ लिहू की नको करत होतो. शिव्या पडतील, चालेल.

मी दुसऱ्या बाजूला होतो. पाच वर्षांपूर्वी. पंखा सोडला तर वर लिहिलेलं सगळं मी केलंय.

प्रत्येक कॉल शेवटचा असायचा. खरंच. नंबर लावताना मी स्वतःला सांगायचो, फक्त आवाज ऐकू, मग झोपू. पूर्ण घंटी वाजली की वाटायचं ती फोनकडे बघतेय. एकदाच वाजून कट झाला की कळायचं ब्लॉक केलंय, आणि विचित्र म्हणजे त्यानेही बरं वाटायचं, कारण ब्लॉक करायला तिला माझं नाव हातात घ्यावं लागलं. मित्राचा फोन मागून घ्यायचो. मी स्वतःला त्रास देणारा समजत नव्हतो. माझ्या डोक्यात त्रास मला होत होता.

एकदा तिने रात्री उचलला आणि मला वाट्टेल ते बोलली. चार मिनिटं. तिला वाटलं असेल आता याला कळेल. मी त्या चार मिनिटांवर तीन आठवडे काढले. तिच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ लावत बसायचो. "मला तुझं तोंडही बघायचं नाही" यातसुद्धा मला ओढ दिसली होती. आज लाज वाटते, पण तसंच होतं.

मग तिने उचलणं बंद केलं. पहिल्या आठवड्यात मी वेड्यासारखे फोन केले, मोजले नाहीत. त्यानंतर एके दिवशी पोलीस ठाण्यातून फोन आला. शिवीगाळ नाही, धाक नाही. बाईंनी तारीख आणि वेळ वाचायला सुरुवात केली. "१२ तारीख, रात्री दोन वाजून सात मिनिटं. दोन नऊ. दोन दहा. दोन चौदा." वाचतच राहिल्या. मला कुणीतरी आरशासमोर उभं केल्यासारखं झालं. तोवर माझ्या लेखी ते 'कधीतरी एखादा फोन' होते. मी म्हणालो, बाई, बास. त्या म्हणाल्या, अजून तीन पानं आहेत.

त्यानंतर मी उपचार घेतले. तिला माफीचा फोन करावासा वाटला, डॉक्टरांनी सांगितलं तोही फोनच. केला नाही.

सगळ्यांच्या बाबतीत एका फोनने थांबेल असं म्हणत नाही. पण ते वेळेचे आकडे लिहून ठेवा.

जुनी_जाणती

शिव्या नाही घालणार. लिहिलंस ते बरं केलंस.

बेधडक

दमाचं मीच बोललो होतो. हे वाचून गप्प बसतो.

रातराणी_

वाटसरू, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. एकदा राग आला, दुसऱ्यांदा नाही आला, तिसऱ्यांदा मला चार मिनिटांचे माझे सगळे कॉल आठवले.

मेसेज पाठवून नऊ दिवस झाले. मनकवडी म्हणाल्या तसंच, भर आलीय. काल त्रेसष्ट. आणि पैसे पाठवायच्या ऍपवरून अगदी किरकोळ रक्कम पाठवून शेऱ्यात लिहितो: "एकदा उचल". ऍपवरही ब्लॉक असतं हे मला आजच कळलं. आज सकाळी नवीन नंबरवरून मेसेज आला, "तू उचलला नाहीस तर मी जिवाचं काहीतरी करीन, जबाबदार तू." आता काय करू? हे खरं असलं तर?

मनकवडी

खरं धरूनच चालायचं, पण तू जायचं नाहीस आणि तू उचलायचा नाहीस. आत्ताच्या आत्ता तुमच्याकडच्या आपत्कालीन नंबरवर फोन कर (भारतात ११२), त्याचा पत्ता दे, मेसेज वाचून दाखव, त्याच्याकडे कुणी पाठवा म्हणून सांग. मग त्याच्या बहिणीला तो मेसेज जसाच्या तसा पाठव, सोबत एकच ओळ: पोलिसांना कळवलंय. तो खरंच संकटात असेल तर त्याला तुझ्या आवाजापेक्षा दाराशी आलेली माणसं उपयोगी. नसेल तर पुन्हा हे हत्यार काढताना विचार करेल.

रातराणी_

केलं. तासाभराने बहिणीचा मेसेज आला, "घरी आहे, टीव्ही बघतोय. पोलीस आले होते. एवढं करायची गरज नव्हती." मी उत्तर दिलं नाही. उद्या अर्ज द्यायला जातेय, वहिनी सोबत आहे.

तारायंत्र

मेसेजचा स्क्रीनशॉट आणि ११२ ला किंवा जिथे फोन केलात त्याची वेळ अर्जात घाला.

आता फोन तपासायचा राहिलाय. जाण्याआधी काही पुसू नका, काही ऍप काढू नका. पाळतीचं काही असेल तर तोही पुरावा, आणि काढलं की त्याला लगेच कळतं. अर्ज दिल्यावर, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तुमच्या ईमेलचा पासवर्ड बदला, परत मिळवायच्या नंबर-ईमेलमध्ये त्याचं काही राहिलंय का बघा, व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी कॉम्प्युटर आहे का बघा, नकाशाच्या ऍपमध्ये ठिकाण कुणाला दिसतंय ते बघा. फोनचं सेटिंग त्याने केलं होतं, म्हणून एवढं म्हणतोय.

रातराणी_

ईमेल परत मिळवायचा नंबर त्याचाच होता. साडेचार वर्षं. आणि त्याच्या लॅपटॉपवर माझं व्हॉट्सॲप अजून चालू होतं. म्हणजे त्या बहिणीशी, तुमच्याशी, सगळ्यांशी मी काय बोलतेय... जाऊ दे.

अर्ज दिला. पहिल्या माणसाने "समजावून सांगतो त्याला" म्हणून परत पाठवायचा प्रयत्न केला. वहिनीने पुढ्यात वहीच उघडून ठेवली, तारीख-वेळ-नंबर-सेकंद, एकोणीस पानं. त्यांनी दोन पानं उलटली आणि खुर्ची ओढून दिली. पोच मिळाली, शिक्क्यासह.

एकांडा_शिलेदार

एकोणीस पानं! मी कालपासून वही घातलीय. रिसेप्शनवरच्या ताईंनी स्वतःहून एक वेगळी घातली.

जुनी_जाणती

धागा वर काढतेय. रातराणी, दोन महिने झाले गं, काय झालं पुढे? लिहावंसं वाटलं तरच लिही.

रातराणी_

लिहिते. गुन्हा नोंदला, त्याला बोलावलं, जामिनावर आहे. पुढच्या तारखेला मला जायचंय आणि पोटात आत्तापासून गोळा आलाय. बोलावून नेल्यानंतर पाच दिवस एकही फोन नाही. मग पुन्हा सुरू झाले, रोज एक-दोन. वहिनी लिहून ठेवते आणि तपास अधिकाऱ्यांना कळवते. मला सांगत नाही, मीच आज विचारलं म्हणून कळलं.

नवीन नंबर बावीस जणांकडे आहे. डॉक्टरांकडे जातेय, झोप येते. परवा मैत्रिणीच्या घरी झोपले होते, वर पंखा होता, आवाज न करणारा. तरी बराच वेळ कान लावून पडले होते.

जुना फोन वहिनीच्या कपाटात, चादरींच्या खाली. मागच्या आठवड्यात ती बघायला गेली तर बंद. चार्जिंग संपलं होतं. कधी संपलं ते तिला आठवेना, मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. हिशेब केला तर चार दिवस तरी झाले असावेत. चार्जरला लावला, तीन मिस्ड कॉल होते. तिने वहीत लिहिले.